हार्लनचा डावा डोळा

हार्लन प्रुएट अकरा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला. त्यातली शेवटची तीन वर्षं तो भीत भीत खेळला.

आयोवातल्या मक्याच्या शेतांतून आलेला हा गडी लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभा असला की उंच उडालेला चेंडू सहसा जमिनीला लागत नसे. मग एका ऑगस्टमध्ये फलंदाजी करताना पिचरने फेकलेला चेंडू त्याच्या डाव्या गालफडावर बसला. हाड सांधलं, सूज उतरली, पण डावा डोळा काही पूर्ववत झाला नाही. त्या बाजूला कुणीतरी काळा पडदा ओढल्यासारखं वाटायचं. आणि नेमका त्याच बाजूने, मधल्या मैदानातून, त्याच्याच संघातला क्लिओ गेन्स चेंडूमागे धावत यायचा.

दर वसंतात संघाचा डॉक्टर डोळे तपासायचा. हार्लन रांगेत मागे उभा राहून पुढच्यांनी वाचलेली अक्षरं पाठ करायचा. बायकोला, व्हर्नाला, हे माहीत होतं. ती म्हणायची, "अहो, सांगून टाका ना." तो म्हणायचा, "सांगितलं की संपलं."

क्लिओला मात्र कुणी सांगावं लागलं नाही.

"डावीकडून आलो की दचकतोस तू," एकदा बसमध्ये सूर्यफुलाच्या बिया चघळत तो म्हणाला.

"ऊन होतं डोळ्यांवर."

"सकाळपासून आभाळ भरलं होतं, लेका!" क्लिओ हसला आणि मग हसायचा थांबला. "बरं, ऐक. मी ओरडेन. 'माझा' म्हटलं की तू जागच्या जागी थांबायचं. समजलं?"

त्या ओरडण्याच्या भरवशावर दोन मोसम निघाले. तरी चेंडू हवेत गेला की हार्लन मनातल्या मनात म्हणायचा, देवा, माझ्याकडे नको.

सप्टेंबरच्या एका रविवारी स्टेडियम खच्चून भरलं होतं. चेंडू दोघांच्या बरोबर मध्ये उडाला. हार्लन धावला. चाळीस हजार माणसांच्या गलक्यात त्याला दुसरं काहीच ऐकू आलं नाही. खांद्यावर काहीतरी दाणकन आदळलं आणि तो पडला. उठून पाहतो तर क्लिओ गवतावर पालथा. हलत नव्हता.

मॅनेजर धावत आला.

"मला डावीकडचं दिसत नाही," हार्लन म्हणाला. "तीन वर्षं झाली."

मॅनेजर क्लिओपाशी गुडघे टेकून बसला.

क्लिओ वाचला. जबडा तारांनी बांधलेला असल्यामुळे इस्पितळात त्याने कागदावर लिहून दाखवलं: 'ओरडलो होतो मी.'

"माहीत आहे रे," हार्लन म्हणाला.

त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला. गावी परतून धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसू लागला. क्लिओ पुढे चार वर्षं खेळला. त्याचे सामने टीव्हीवर लागायचे. मधल्या मैदानात चेंडू उडाला की हार्लन खुर्चीतून उठून ओसरीवर जायचा आणि कठड्याला घट्ट धरून उभा राहायचा.

आतून व्हर्ना हाक मारायची, "पकडला हो! उभा आहे तो. या आत."