निळी पत्रं, अबर्डीनहून

अबर्डीन हे शहर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डी आणि डॉन या दोन नद्यांच्या मुखांमध्ये वसलेलं आहे. ग्रॅनाइट आणि मासेमारी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. ही दोन वाक्यं मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. ब्रिटनचा नकाशा मी पुस्तकात न बघता काढत असे, खडू न उचलता. आणि त्या अबर्डीनला राहायला गेली कोण, तर माझी धाकटी बहीण, जिनं मॅट्रिकच्या पेपरात स्कॉटलंड इंग्लंडच्या खाली दाखवलं होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आमच्या दोघींसाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

तिचा नवरा अकोल्याचा डॉक्टर. लग्नाला वर्ष होत नाही तोच त्याला पुढच्या शिक्षणासाठी तिकडच्या एका दवाखान्यात जागा मिळाली, आणि एकसष्ट सालच्या पावसाळ्यात दोघं मुंबईहून जहाजानं गेली. अकोल्याच्या स्टेशनवर निरोपाला आम्ही सगळे होतो. बहीण दूर चालली म्हणून मला फार वाईट वाटतंय, असं मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं. ते खरं नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

माय बडनेऱ्याच्या रस्त्याला आमच्या मळ्यात राहायची. मेथी, वांगी, थोडा झेंडू, एक विहीर, एक गाय. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मळ्यात पोस्टमन जात नसे, म्हणून बहिणीची निळी पत्रं माझ्या पत्त्यावर यायची आणि रविवारी दुपारी मी ती मायला वाचून दाखवायची. बहीण पत्र आपल्या बोलीतच लिहायची, मायला ऐकायचं म्हणून. उत्तर मात्र मी लिहायची, मायनं सांगायचं आणि मी शुद्ध करून कागदावर उतरवायचं. माय वऱ्हाडीत चार शब्द बोलली की माझ्या हातून त्याचं 'सविनय निवेदन' व्हायचं. मास्तरणीची खोड, दुसरं काय. मायला त्याचं कौतुकच होतं.

पहिलं पत्र घरांबद्दल होतं. सगळं गाव एकाच करड्या दगडाचं, आणि पाऊस पडून ऊन आलं की दगडात कण कण चमकतात. 'ताई शाळेत ग्रॅनाइट ग्रॅनाइट म्हणत जाये ना, थो हा,' असं तिनं लिहिलं होतं. प्रेमानंच लिहिलं असणार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग महिन्याला दोन पत्रं येऊ लागली आणि प्रत्येकात नवं काहीतरी पाहिलेलं. सकाळी उठून ती बंदरावरच्या मासळीबाजारात गेली, तिथं ओल्या फरशीवर मासळीच्या पेट्यांच्या रांगा आणि लिलाव, अगदी आपल्या भाजीबाजारासारखा गलका. डॉन नदीवरचा जुना पूल पाहिला, एकाच टोकदार कमानीचा, खाली पाणी काळं. जुन्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावर दगडाचा मुकुट पाहिला. समुद्राच्या काठी दोन-दोन मैल चालली, लोक अंगात जाड कोट घालून आइस्क्रीम खाताना पाहिले. कोळ्यांची वस्ती पाहिली, तिथली ठेंगणी घरं सगळी समुद्राकडे पाठ करून बसलेली.

हे ऐकून मेथीच्या जुड्या बांधता बांधता माय म्हणाली, "बरोबर हाये. रोजचं हाये थे. रोजच्याकडं कोणी तोंड करून बसते का?"

मी तेव्हा वाचता वाचता गाळायला लागले होते. खोटं वाचत नव्हते, नुसतं गाळत होते. एका बागेत तिनं इतके गुलाब पाहिले की मोजता येईनात, ते मी गाळले. थंडीनं ओठ फुटले, ते मात्र दोनदा वाचलं. माय जुडी बांधायची थांबायची आणि म्हणायची, "तूप लावाव म्हणा ओठाले."

माझी जळफळ कुठवर गेली त्याची एक गोष्ट सांगते. बहिणीच्या सासरी अकोल्याला एक लग्न होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. मी आमच्या ह्यांना म्हटलं, आपण बाळापूरला जाऊ, किल्ला पाहू. हे सरकारी कचेरीत कारकून, शांत माणूस. ते म्हणाले, "बाळापूरला तू दहादा गेलीस की." गेले होते, लग्नांना, बारशांना. किल्ला दहाही वेळा रस्त्यातून दिसला होता. पण मला आता तो पाहायचा होता, तिकडच्यासारखा, आणि पत्रात लिहायचा होता.

बसमधून उतरून आम्ही चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "कोणाकडं आले?"

"कोणाकडं नाही. किल्ला पाहायला आलो."

तो हातातली किटली तशीच धरून म्हणाला, "काहून? किल्ल्याले काय झालं?"

ह्यांना चहाचा ठसका लागला. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं समजूत काढली, "तहसिलीत काम असन." मग त्यालाच आठवलं की आज रविवार, किल्ल्यातली तहसील कचेरी बंद. त्यानं आमच्याकडे नीट पाहिलं. दोन धडधाकट माणसं, ओळखीपाळखीचं घर नाही, काम नाही, आणि गावात आली. त्याला आमची दया आली असावी. "मंग जेवाले कुठी जाता?" असं विचारून त्यानं उत्तराची वाटही पाहिली नाही, घरी घेऊन गेला. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर सुनेनं माझी चौकशी केली ती थेट माझ्या आजोळापर्यंत. तिची मावशी आमच्या चांदूर रेल्वेच्या नात्यातली निघाली. किल्ला आम्ही बस यायच्या आधी दहा मिनिटं, बाहेरून पाहिला. मी बहिणीला किल्ल्यावर तीन पानं लिहिली. त्या भाकरीबद्दल एक ओळ नाही, कारण भाकर खाण्यात पाहण्यासारखं काय होतं?

हिवाळ्याच्या अखेरीला एक पत्र आलं. त्यात तिनं दीपस्तंभाबद्दल लिहिलं होतं. 'धुकं आलं की तिथला भोंगा वाजते. इथले लोक त्याले गाय म्हणतात. माय, खरंच गाय हंबरते. पहिल्यांदा ऐकलं तं मी उठून दारात गेली.'

मी पुढचं वाचणार तर मायनं हात वर केला.

"थांब. तिच्यासंगं कोण होतं?"

"कधी?"

"कधीच. बाजारात गेली, पुलावर गेली, समुद्रावर गेली. जावई तं दवाखान्यात राह्यते दिवसभर. इतक्या पत्रात तिच्याशी कोणी बोललं का? कोणी तिले घरी नेलं का?"

मी आठवून पाहिलं. पत्रं मला पाठ होती, मत्सरानं माणसाची स्मरणशक्ती फार चांगली राहते. दगड होते, पूल होता, मासळी होती. माणूस म्हणावं तर आइस्क्रीम खाणारे, लांबून पाहिलेले. मायचं खरं होतं. ते खरं आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं तरी मी म्हटलं, "माय, तिकडं लोक शहर पाहायला जातात, पाहुणचाराला नाही. मजेत आहे ती."

माय गायीला वैरण टाकायला उठली.

त्यानंतरच्या पत्रात सकाळी पोटात ढवळतं, चहाचा वास सहन होत नाही, असं होतं. मायनं ऐकताक्षणी बोटं मोजली. पत्राच्या शेवटी, कडेला, बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या: जहाज मुंबईला तीन आठवड्यांत पोचते, सातवा महिना लागायच्या आत बसलं तर बसू देतात म्हणे.

"बोलावणं मागून राहिली पोरगी," माय म्हणाली.

"कुठं मागितलंय? जहाजाची माहिती दिलीय फक्त."

"लेक बोलावणं मागत नसते व. लेक जहाज सांगते." आणि मग लगेच, "घे कागद. लिही. पहिलं बाळंतपण मायच्या घरी. जावयाले म्हणा धाडून द्या, मुंबईले आमी येतो घ्यायले. तिले लिही, ये. दोनदा लिही. ये बाई, ये."

मी कागद घेतला.

माझी दोन्ही बाळंतपणं मायकडेच झाली होती. मी अमरावतीतलीच, चालत आले आणि चालत गेले. कुणी बोलावणं धाडलं नव्हतं आणि कुणी घ्यायला आलं नव्हतं. आता ही येणार, विलायतेहून. मायच्या अंगणात आजूबाजूच्या मळ्यांतल्या बाया जमणार, आणि ही डिंकाचे लाडू खात खात पूल आणि मनोरे आणि गुलाब सांगणार. आणि मी बाजूला बसून तिच्या पोराची दुपटी वाळत घालणार. तिकडचा समुद्र हिचा आणि इकडची मायही हिचीच? मग माझं काय, नकाशा?

मी लिहिलं. सुंदर, शुद्ध मराठीत लिहिलं. 'तुझी गोड बातमी वाचून सर्वांना आनंद झाला. प्रकृतीची काळजी घ्यावी. तेथील दवाखाने उत्तम आहेत व जावईबापू स्वतः डॉक्टर आहेत, त्यामुळे आम्ही निश्चिंत आहोत. इकडचा उन्हाळा तुला माहीतच आहे. मायचे अनेक आशीर्वाद.' त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एक अक्षर तेवढं राहिलं होतं.

"वाचून दाखव," माय म्हणाली.

मी वाचून दाखवलं. आणि वाचताना, जे कागदावर नव्हतं ते माझ्या तोंडानं म्हटलं: "ये बाई, ये." मायनं मान डोलावली, पदरानं डोळे पुसले. मी कडांना डिंक लावला आणि संध्याकाळी जाता जाता पत्र पेटीत टाकलं.

दोन महिने माय माझ्या हाताकडे बघत बसायची, निळं काही आहे का म्हणून. आलं तेव्हा त्या पत्रात पुन्हा एक बाग होती, एक बाजार होता, उन्हाळ्यात तिकडे दहा वाजेपर्यंत उजेड असतो असं होतं. जहाजाचं नाव नव्हतं. या वेळी मी काही न गाळता सगळं वाचलं, गुलाबसुद्धा. मायनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मोठी झाली पोरगी." त्यानंतर तिनं पत्र दुसऱ्यांदा वाचायला कधी सांगितलं नाही. तिकडे मुलगी झाली, फोटो आला, तो मायनं देवाच्या फळीवर ठेवला. फोटोत बहीण एकटीच, मांडीवर बाळ, मागे करडी भिंत.

मी सांगायला हवं होतं. रोज ठरवत होते असंही नाही. मी शाळेत जात होते, नकाशा काढत होते, आणि अबर्डीनचा ठिपका देताना खडू जरा जोरात टेकत होते, एवढंच.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती सगळी परत आली. बहीण वाळली होती, आणि बोलताना मधेच थांबायची, जसं बरेच दिवस न बोललेलं माणूस थांबतं. मळ्यात आम्ही तिघी बसलो होतो. मी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होते. नातीचे केस विंचरता विंचरता माय अचानक म्हणाली, "तुले एक गोष्ट विचारू का? म्या तुले ये म्हणून लिवलं होतं. दोनदा लिवलं होतं. तू आली काहून नाही?"

माझ्या हातातला अडकित्ता थांबला.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ते पत्र तिला शब्दन् शब्द पाठ असणार, बाळंतपणात दुसरं वाचायला होतं काय तिच्याजवळ. फार वेळ नाही पाहिलं. मग मायकडे वळून म्हणाली, "आलं होतं बोलावणं, माय. तिथल्या डॉक्टरनं जहाजात बसू दिलं नाही."

"मंग तसं लिवाव ना व!" माय म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मले वाटलं तुले आमची लाज वाटून राहिली. तीन साल झाले, मले थेच वाटून राहिलं."

"नाही माय. लाज कायची?" असं म्हणून तिनं मायचा हात धरला, आणि मायनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, नातीच्या बाजूला. तेव्हाही आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांतही बहिणीनं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

शरम वाटली. पुष्कळ वाटली, अजून वाटते. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी शरमेच्या क्षणभर आधी माझ्या पोटात जे उठलं ते जुनंच दुखणं होतं. मायच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या तिच्याकडे बघून माझ्या मनात आलं, हेही हिलाच जमलं.