फादर, सगुणाबाई आणि दवाखान्याचा उंबरा

आमच्या मिशनातली जुनी माणसं एकत्र बसली की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला तीन आठवतात. कोल्हारजवळच्या त्या मिशनच्या शाळेत मी मास्तर होतो. बहुतेक किस्से दोनच माणसांचे. एक, युरोपातून आलेले आमचे फादर. दुसऱ्या, मिशनचा दवाखाना सांभाळणाऱ्या सुईण सगुणाबाई. फादर मराठी शिकले ते शेतकऱ्यांकडून, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून पुण्याचे पाहुणे चाट पडायचे!

* * *

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. भरतीसाठी आलेल्या सुभेदारांनी फादरांना सांगितलं, रविवारी मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, आपल्या शिपायांसाठी प्रार्थना करा. फादरांनी केली, गावातून गेलेल्या एकेका पोराचं नाव घेऊन केली. मग शत्रूच्या शिपायांसाठीही केली! सुभेदार संतापले. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे, म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"ज्या आईचं पोर परत येत न्हाई, तिच्या," फादर म्हणाले.

* * *

दोन सख्खे भाऊ. दर रविवारी मिस्सेला येणारे. बांधाच्या भांडणात एकदा कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिले. फादर सायकलवरून गेले आणि बरोबर दोघांच्या मधे, बांधावर मांडी घालून बसले. भाऊ म्हणाले, उठा. फादर म्हणाले, उठतो, पण आधी दोघांनी बायबलातली पाचवी आज्ञा मोठ्यानं म्हणा. 'खून करू नको' हे थोरल्यानं कसंबसं म्हटलं. धाकटा काही तोंड उघडेना. ऊन चढत गेलं, फादर लालबुंद झाले, पण हलले नाहीत. शेवटी धाकट्याची बायकोच पुढं आली.

"ऊन लागून फादर मेले, तर तो खून कुनाच्या नावावर?"

धाकट्यानं आज्ञा म्हटली.

* * *

आमच्यातलीच एक तरुण विधवा सगुणाबाईंकडे आली. तिला दिवस गेले होते. पोट पाडायचं औषध द्या, नाहीतर विहिरीत उडी घेते, म्हणाली. सगुणाबाईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "औषध देनार न्हाई. माझ्या घरात जागा देते."

तिला त्यांनी घरी ठेवून घेतलं. गावात कुजबूज सुरू झाली. एका रविवारी मिशनच्या देवळाच्या पायरीवर एका कारभाऱ्यानं त्यांना अडवलं आणि घरात पाप का ठेवलंय, म्हणून विचारलं.

"पाप करनारा पुढं बसून मिस्सा ऐकतो," सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात बाळ येनार हाय."

मुलगी झाली. बाप्तिस्म्याला धर्ममाता सगुणाबाईच!

* * *

फाळणीनंतर सिंधमधून निघालेलं एक कुटुंब गावाच्या शिवेवर येऊन थांबलं. सोबत दोन म्हातारी माणसं. लोक म्हणाले, परक्यांना ठेवून घेतलं तर आपल्याला पाणी पुरेल का? फादरांनी मिशनची खोली उघडली आणि लोकांकडे वळले.

"मी समुद्रापलीकडनं आलो, तर मला तुमी हिरीचं पानी दिलं. ही मानसं तर आपल्याच रेल्वेनं आलीत."

संध्याकाळी चार घरांतून भाकरी आल्या.

* * *

बापूंचा खून झाला आणि गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटू लागली. शेजारच्या गावचे जोशी मास्तर बायको नि म्हाताऱ्या आईला घेऊन मिशनात आले. फादरांनी त्यांना दवाखान्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जमाव आला. फादर फाटकात उभे राहिले. जोशी मास्तर आत आहे का, पुढच्यानं विचारलं. नाही म्हणा, म्हणून मी मागून खुणावत होतो.

"हाय," फादर म्हणाले. "आत हाय. आनि दारात मी हाय."

लोकांनी त्यांना ढकलून पाडलं आणि जमाव दवाखान्याकडे धावला. तिथं उंबऱ्याशी सगुणाबाई बसल्या होत्या. जमावातल्या कितीतरी जणांना जन्मताना त्यांनीच झेललं होतं. त्यांनी दोन्ही हात उंबऱ्यावर उताणे ठेवले.

"ह्याच हातांनी तुमाला जगात आनलं. आत जायचं तर ह्यांच्यावर पाय देऊन जा."

पुढच्यानं हातातला रॉकेलचा डबा खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढून त्या हातांपुढं वाकला.