साठ डब्या चटणी

गोवा घटक राज्य झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची ही गोष्ट. लग्न होऊन मी वेंगुर्ल्याहून डिचोलीला आले होते. नवरा पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. सकाळी जाताना पांढरा शर्ट असायचा, संध्याकाळी तोच शर्ट मातीच्या रंगाचा होऊन परत यायचा. आम्ही भाड्याने राहत होतो आणि घरमालकीण काकी भिंतीपलीकडेच. त्यांची मुलं नोकरीसाठी बाहेर गेलेली. घरात त्या, त्यांचे यजमान आणि एक मोठा फ्रीज.

एकदा मी ओल्या खोबऱ्याची दही घातलेली चटणी त्यांच्याकडे दिली. काकांनी ती सकाळच्या उंड्याबरोबर खाल्ली. पाववाल्या पोदेराकडचा तो कडक, गोल पाव चटणीत बुडवत त्यांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "ही विकायला काय हरकत आहे?"

तिथून सुरुवात झाली. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या. ज्या दुकानांत थंड पेयांसाठी फ्रीज होते, अशी सहा दुकानं धरली. डबीवरची चिठ्ठी मराठीत लिहायची की कोंकणीत, यावर काका आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तासभर भांडले. त्या दिवसांत हा वाद घरोघर चालायचा. शेवटी काकी म्हणाल्या, "चटणी दोन्ही भाषांत चटणीच. लिही गो बाय आणि खाली आपला पत्ता घाल."

श्रावण लागला आणि मागणी एकदम वाढली. घराघरांतले मासे बंद झाले होते, जेवणात काहीतरी चमचमीत हवंच होतं. एका सोमवारी साठ डब्या द्यायच्या होत्या आणि काकी नेमक्या फोंड्याला नातेवाइकांकडे पूजेला गेलेल्या. वाटणासाठी आम्ही पाणी उकळून, गार करून वापरायचो. काकींचा तो नियमच होता. त्या दिवशी उकळलेलं पाणी मध्येच संपलं. पुन्हा चूल पेटवायची, पाणी निवेपर्यंत थांबायचं, तोवर डब्या न्यायला येणारा टेम्पो निघून गेला असता. पावसाने विहीर काठोकाठ भरली होती, पाणी थोडं गढूळ होतं. मी फडक्यातून गाळून दोन तांबे घातले. मनात म्हटलं, जायचंय ते फ्रीजमध्येच, तिथे काय बिघडणार आहे?

बुधवारी काकी परतल्या आणि गुरुवारी सकाळी नार्व्याचा दुकानदार स्वतः आला. छत्री मिटवता मिटवताच म्हणाला, "काकी, या खेपेच्या चटणीचा काहीतरी घोटाळा झालाय. आमच्या गावातले मास्तर, मास्तरीणबाई आणि त्यांच्याकडचा पाहुणा, तिघांनाही उलट्या-जुलाब. मास्तरीणबाईंना सातवा महिना. काल त्यांना इथल्या दवाखान्यात आणलंय."

मी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिले.

"उरलेल्या डब्या मी गुपचूप टाकून देतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कुणाला काही सांगू नका. या दिवसांत निम्म्या गावाची पोटं बिघडलेली असतात. कोण विचारतंय?"

तो माणूस आमच्या भल्यासाठीच बोलत होता. तो गेल्यावर काकी माझ्याकडे वळल्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मीच बोलून गेले, "काकी, मी कच्चं पाणी घातलं. विहिरीचं."

"किती?"

"दोन तांबे."

"कुठल्या डब्यांत?"

"एकत्रच वाटलं होतं. सगळ्यांत."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्या उठल्या, आतून बाहेर जायचं लुगडं नेसून आल्या. "मग सगळ्या परत आणायच्या. आधी दवाखान्यात जाऊ."

"मी जाते. चूक माझी आहे."

"डबीवर पत्ता माझ्या घराचा आहे," त्या म्हणाल्या. "चल."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. दोन तांबे, गढूळ विहीर, फ्रीज. त्यांनी ते लिहून घेतलं. "बरं झालं लगेच आलात," त्या म्हणाल्या. "मी काल रात्रीपासून विचार करतेय, हे कशातून आलं असेल. फ्रीजमधल्या थंडीने जंतू मरत नाहीत हो. नुसते सावकाश वाढतात, काही तर थंडीतही मजेत राहतात. एक डबी न उघडता मला आणून द्या, पणजीला तपासायला पाठवते."

बाहेर व्हरांड्यात मास्तर उभे होते. आमचं आतलं बोलणं ऐकून ते पुढे आले. आवाज चढलेला होता. "माझ्या बायकोला काही झालं असतं तर? पोलिसात द्यायला हवं तुम्हाला!" मी हात जोडले. आतून मास्तरीणबाईंनी हाक मारली तेव्हा ते थांबले आणि आम्ही त्यांच्यामागून आत गेलो. त्या सलाईन लावून पडल्या होत्या, ओठ सुकलेले.

"तुम्हीच केली होती चटणी?"

"होय. पाणी उकळायचा मी कंटाळा केला."

"छान लागत होती," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या इथे उभ्या राहिल्या तर बाकीच्या डब्या कोण आणणार? जाऊ दे त्यांना."

त्या वाक्याने मला धीर आला की अधिक लाज वाटली, हे आजही सांगता येत नाही.

आम्ही दोघींनी मोटारसायकलचे दोन पायलट केले. गोव्यात टॅक्सीसारखे भाड्याने बसवून नेतात ते. काकी तोवर आयुष्यात मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. साखळी, पाळी, नार्वे. भर पावसात एका हाताने पदर आणि दुसऱ्याने पायलटचा खांदा धरून त्या प्रत्येक दुकानात उतरत आणि उंबऱ्यातूनच सांगत, "आमच्या चटणीत दोष आहे. कुणाकुणाला विकली ते सांगा." दुकानदार आठवून आठवून घरं सांगायचे, मी वहीत लिहायची. पाळीला खाणीच्या कॅन्टीनमध्ये दहा डब्या होत्या. नवऱ्याने तिथे सगळ्यांसमोर त्या बादलीत ओतल्या. त्याच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. तो एवढंच म्हणाला, "पुढची घरं मी ट्रकवाल्यांना सांगतो, तू भिजू नकोस." नार्व्याहून एक डबी फेरीबोटीतून नदीपलीकडे गेली होती. फेरीवरच्या माणसाने ती बाई ओळखली आणि पुढच्या फेरीत डबी परत आली.

संध्याकाळी मोजलं, तर अठरा कमी. मी रडायला लागले. काकी म्हणाल्या, "रडून डब्या येतात काय? उद्या पोदेराला सांगू. तो सगळ्या दारांत जातो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला आणि त्याच्या पाठोपाठ त्याची हाळी ऐकू आली, "काकींची चटणी खायनाकात, परत दियात!" दुपारपर्यंत चौदा डब्या आमच्या पायरीवर आल्या. कुणी अर्धी खाऊन झाकण लावून पाठवली, कुणी चिठ्ठी घातली, आमची पोटं ठीक आहेत, काळजी करू नका. एका आजीबाईंनी डबी धुऊन पुसून दिली, वर विचारलं, "परत कधी करणार?" उरलेल्या चारांपैकी तीन मास्तरांच्या घरात संपल्या होत्या. एक डबी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. महिनाभर मी कुणी आजारी पडल्याचं ऐकलं की चौकशी करत सुटायची.

पणजीहून कागद आला, त्यात पाण्यातूनच जंतू गेल्याचं लिहिलं होतं. मास्तरीणबाई आठवड्याने घरी गेल्या. कार्तिकात त्यांना मुलगी झाली. निरोप मास्तरांनीच आणला, पेढ्यांच्या पुडीसकट. पायरीवर थोडे अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "दवाखान्यात मी जास्तच बोललो." काकींनी त्यांना आत बसवून चहा दिला.

चटणी आम्ही दोन महिने बंद ठेवली. डॉक्टरीणबाई एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. पाणी किती वेळ खळखळायला हवं, नारळ फोडण्याआधी हात कसे धुवायचे, डबी तीन दिवसांपुढे ठेवायची नाही, हे सगळं त्यांनी उभं राहून दाखवलं. विहिरीत औषध टाकून घेतलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी फक्त बारा डब्या केल्या. वाटलं होतं, निम्म्या परत येतील. नार्व्याच्या दुकानदाराने दुपारीच निरोप धाडला, "संपल्या. आणखी हव्यात."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई मला पेडण्याला घेऊन गेल्या. तिथल्या बायकांना लोणची, पापड, चटण्या करायचा उद्योग काढायचा होता. मी कधी चार माणसांत बोलले नव्हते. शाळेच्या वर्गात चाळीस बायका बाकांवर बसलेल्या. मग मी सरळ सांगून टाकलं, "मी कच्चं पाणी घातलं होतं आणि तीन माणसं आजारी पडली."

मागच्या बाकावरची एक बाई उठली. "मग तुम्ही लोकांना सांगितलंत कसं? भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," मी म्हटलं. "पण माझ्याबरोबर काकी होत्या."

ती शेजारणीकडे बघून हसली आणि म्हणाली, "आपण तर चाळीस जणी आहोत." सगळ्याच हसल्या, बाकं पुढे ओढून माझ्याभोवती बसल्या आणि एकेक विचारू लागल्या.