काहिलीतली मधली जागा

सरूबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्या कयाधू नदीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या होत्या आणि त्यांची काहील, गुळाची भलीमोठी कढई, एकटीच खाली वाहत चालली होती. मी नुकताच गावच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. घाबरून मी काठावरून ओरडू लागलो, तर त्यांनी मलाच दटावले, "मी कुठं जात न्हाई, मास्तर. आधी काहील धरा."

सरूबाई दोन्ही काठांवरच्या पाच गावांच्या सुईण. यंदा त्यांना साठावे वर्ष लागले, असे आम्ही ठरवले आहे. थोरल्या दुष्काळानंतरचा आपला जन्म, याहून अधिक त्यांनाही ठाऊक नाही. पण त्यानिमित्त गौरव समारंभाचे ठरताच काही थोरांनी सुचवले की बाई गावकुसाबाहेरच्या, तेव्हा त्यांची खुर्ची कडेला ठेवावी. हा लेख मी मुख्यतः त्या थोरांसाठी लिहितो आहे.

गावात नाव एकच होती, गावच्या जमीनदाराची, ज्यांना सगळे मालक म्हणत. चढ्या पाण्यात आधी मोठी घरे पार होत, मग बाकीचे, आणि दिवस उरला तर सरूबाईंची वस्ती. एका श्रावणात पलीकडच्या झोपडीत मजुराची बायको अडली होती आणि नाव लग्नाचे पाहुणे वाहत होती. सरूबाई सकाळपासून दुपारपर्यंत घाटावर उभ्या राहिल्या. त्या पोहोचल्या तेव्हा लेकरू गेले होते. परत आल्या त्या थेट उस्मानचाचांकडे गेल्या. चाचा गुऱ्हाळाच्या काहिली दुरुस्त करीत. उसाचा रस आटवायची ती घेरदार कढई पावसाळाभर पालथीच पडलेली असते. चाचांनी एक शब्द न विचारता ती सुलटी केली आणि सोबत वल्ह्यासाठी गूळ ढवळायचे लाकडी फावडे दिले.

पुढच्या फजित्या मी लपवणार नाही, कारण त्याही लपवत नाहीत. पहिल्या दिवशी त्या काहिलीच्या काठावर ऐटीत बसल्या आणि काहील तिथेच कलंडली. माझी-त्यांची ओळख झाली ती तेव्हाची. बसायचे ते मधोमध, बुडाला टेकून, हा धडा त्या दिवशी मिळाला. दुसऱ्या खेपेला त्यांनी एकाच बाजूने फावडे मारले. काहील भोवऱ्यासारखी फिरली आणि अर्ध्या घटकेने आमच्याच घाटाला लागली. चक्कर आलेल्या सरूबाईंनी समोरच्या माणसाला अदबीने गावाचे नाव विचारले. ते मालक होते. सारा घाट हसला. तेव्हापासून समोरासमोर दोघांनी वल्हवायचे ठरले आणि दुसरे फावडे माझ्या हाती आले.

तिसरा धडा माझ्यामुळे मिळाला. काहिलीला मागच्या हंगामाचा गूळ चिकटलेला होता, तो मी धुतला नाही. मध्यधारेत माझे धोतर बुडाला चिकटले आणि गुळाच्या थरातून मुंगळे निघाले. मी ताडकन उठलो, धोतर काहिलीत राहिले आणि आम्ही दोघे पाण्यात गेलो. वर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या की मास्तरांनी उद्यापासून राख घेऊन यावे. मी उरलेला पावसाळाभर राखेने काहील घासली. गाव मला नावे ठेवीत होते, मी घासत होतो.

हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली ती पुढच्या वर्षीच्या भादव्यात. मालकांची लेक पलीकडच्या गावात दिली होती. तिला कळा लागल्याचा निरोप येताच मालक स्वतः नावेत बसून निघाले. पाणी ओसरत होते. जड नाव मधल्या वाळूच्या उंचवट्यावर रुतली, ती हलेचना. आमची काहील वीतभर पाण्यावरही चालते. सरूबाईही तिकडेच निघाल्या होत्या. त्यांनी काहील नावेला लावली आणि मालकांना म्हणाल्या, "या."

मालक उतरले, पण आमच्यापासून अंग चोरून काहिलीच्या काठावर टेकले. काहील लगेच कलली.

"मधी या, मालक," सरूबाई शांतपणे म्हणाल्या. "कडेला बसलं की समदेच बुडतेत. मी शिकले बुडून. तुमी काहून बुडता? तिकडं तुमची पोरगी वाट पाहून राहिली."

मालकांनी पाण्याकडे पाहिले, पलीकडच्या काठाकडे पाहिले आणि मधोमध आले. तिघांचे गुडघे गुडघ्यांना टेकले. काहील सरळ झाली आणि आम्ही पार गेलो. लेक सुटली, नातू झाला. मालकांनी नाव सरूबाईंच्या दिमतीला द्यायची तयारी दाखवली. त्यांनी ती घेतली नाही. घाटावर जो आधी येईल तो आधी बसेल, एवढे कबूल करवून घेतले. घाटावर आजही तोच नियम आहे आणि तो मोडायची कोणाची छाती नाही.

मी आयुष्यभर पोरांना पुस्तकातले धडे दिले. मला धडे दिले ते या बाईंनी, नाकातोंडात पाणी घालून. त्यांचा सहकारी म्हणवून घेण्यात मला जो अभिमान वाटतो, तो दुसऱ्या कशाचाही वाटत नाही.

सरूबाईंनी आणखी चाळीस पावसाळे बघावेत, त्यांच्या हातांची ताकद आणि जिभेची धार अशीच टिकावी, आणि आमच्या नातवंडांनाही त्यांनीच पहिल्यांदा हातात घ्यावे. आणि त्या थोर मंडळींना नम्रपणे कळवतो की समारंभात खुर्च्या नाहीत. उस्मानचाचांकडून जाजम आणले आहे. सरूबाई त्याच्या मधोमध बसतील. ज्याला कडेला बसायचे असेल, त्याने खुशाल बसावे.