तलावात ओतलेल्या दोन बादल्या

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्याजवळ तर बोलायलाच हवं होतं. का, ते पुढे कळेलच. आज तुम्हाला सांगतो आहे. पण लगेच मुद्द्यावर येववत नाही, जरा सांभाळून घ्या.

केळझरपासून दोन-अडीच कोसांवर एक लहान गाव आहे. त्याचं नाव नाही सांगत. गावाला खेटून तलाव होता. उन्हाळ्यात तो निम्म्याहून खाली जायचा, तरी पाणी असं स्वच्छ की काठावरून मरळीची काळी पाठ दिसावी. तलावातली मासोळी मारोती ढिवराकडे होती. पावसाळ्यात तो दुरून रोहूची पिल्लं मडक्यात घालून आणायचा आणि वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवायचा.

मी तेव्हा हिवतापाच्या फवारणीवर होतो. हंगामी नोकरी. पांढरी पावडर पाण्यात कालवायची, घराघरांच्या भिंतींवर, गोठ्यांत मारायची. पाणी भरायला, बादली धरायला त्या गावात किसन माझ्यासोबत असे. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन त्याच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती, आणि त्या उन्हाळ्यापासून वस्तीतल्या बाया तलावाच्या मोठ्या घाटावर पाणी भरू लागल्या होत्या. गावाला ते खुपत होतं. कोणी उघड बोलत नव्हतं, एवढंच.

शेवटच्या दिवशी काम लवकर आटोपलं. दोन बादल्या औषध उरलं होतं, आणि ओल लागून गोळा झालेली थोडी पावडर. नियम असा की उरलेलं औषध पाण्यापासून लांब खड्डा करून पुरायचं. किसन म्हणाला, "साहेब, गड्डा खंदून देऊ काय?"

जमीन दगडासारखी झाली होती. तास गेला असता. आणि मला दुपारची मोटार गाठायची होती, देवळीला मुलगी पाहायला जायचं होतं. मी म्हटलं, "राहू दे, मी पाहतो. तू जा घरी."

तो गेला. मी तलावावर गेलो, दोन्ही बादल्या ओतल्या, पावडरीचे गोळे सोडले, पंपही तिथंच धुतला. पाणी दुधासारखं झालं, मग पसरत पसरत दिसेनासं झालं. एवढ्या पाण्यात काय होणार, असं वाटलं — की वाटून घेतलं? मला नियम ठाऊक होता. नियम कशासाठी आहे तेही ठाऊक होतं.

मुलगी पसंत पडली. सुपारी फुटली. तीच आज माझी बायको. तिसऱ्या दिवशी गावात ठेवलेला पंप न्यायला परत गेलो तर सगळं गाव तलावावर.

काठ पांढरा झाला होता. रोहू, मरळ, बोटाएवढे झिंगे, सगळे उलटे. काही अजून जिवंत होते, गोल गोल फिरत होते, वर येऊन तोंड उघडत होते. मारोती गुडघाभर पाण्यात उभा राहून टोपलीनं मासे बाहेर काढत होता. रडत नव्हता. एकेक मासा हातात घेऊन पाहायचा आणि टोपलीत ठेवायचा.

पाटलांनी मला विचारलं, "काहो, तुमच्या औषधानं तं नाई झालं हे?"

मी म्हणालो, "आमचं औषध भिंतीवर असतं. तलावाशी त्याचा काय संबंध?"

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग हे वस्तीवाल्याइचंच काम हाये! घाटावर आले अन् पान्यात जहर टाकलं!" दोघांनी किसनला धरून पुढे ओढलं. तो घाबरलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी सांगा नं. मी तं त्या दिवशी तुमच्यासंगंच होतो."

मी काय बोललो, ते सांगायलाच इतका वेळ लावला. मी म्हणालो — "दुपारी मी त्याला सोडलं. पुढचं मला माहीत नाही."

वाक्य खोटं नव्हतं, पाहा. पहिला भाग तर अगदी खरा. आणि त्याच वाक्यानं मी त्याला त्यांच्या हाती दिला.

त्याला मारलं. फार नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. फार म्हणजे किती? वस्तीला मोठा घाट बंद झाला. बाया नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या, वाटी-वाटीनं गढूळ पाणी भरू लागल्या. पावसाळा लागायच्या आत वस्तीत हगवण आली. किसनची तीन वर्षांची पोरगी गेली. झिऱ्याच्या पाण्यानेच गेली का, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ती झिऱ्याचं पाणी का पीत होती, ते सांगू शकतो.

कचेरीनं मासे मेल्याबद्दल माझ्याकडून अहवाल मागवला. मी लिहिलं, उन्हाने पाणी आटून तापलं, त्यामुळे मेले. म्हणजे कागदावर दोष उन्हाचा आणि गावात किसनचा. तो कागद गावात नेऊन वाचून दाखवला असता तरी किसन सुटला असता. मी दाखवला नाही. एक खोटं दुसऱ्याला भेटलं असतं, तर कोणीतरी मलाच विचारलं असतं.

पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा फवारणी आली. किसनच्या दारात उभा राहिलो. त्याची बायको मला पाहून आत गेली. त्याने मडकी, गाडगी बाहेर आणून अंगणात मांडली, त्यांवर फडकं टाकलं आणि बाजूला झाला. म्हणाला, "मारा साहेब."

मी चारही भिंती फवारल्या. तो दारात उभा होता. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि मला दुसरं कुठं जायचंही नव्हतं. पंप उचलला आणि पुढच्या घराकडे वळलो.

नोकरी पुढे कायम झाली. त्या गावी मी नंतर गेलो नाही. किसन वारल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही एका लग्नात, जेवताना. सांगणारा सहज म्हणाला, "तलावात जहर टाकणारा तो, तोच नं?" मी मान डोलावली.

ते मासे मी मारले होते.