निम्म्या गोळ्या

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, आणि पाऊस रुसला होता. सरकारी दवाखान्यात कोपऱ्यातल्या खोलीवर ‘गुप्तरोग’ अशी पाटी लागली. बायका ती बघून परत फिरायच्या. तिथली नर्स कमलम्मा, उदगीरची, एकटी राहणारी, तोंडाची फटकळ. तिनं पाटीवर सरळ टॉवेल वाळत घातला. डॉक्टर हसले, पण काढायला लावला नाही.

टॉवेल आल्यावर आत आली औशाजवळच्या खेड्यातली सिंधु. अंगावरून पांढरं जायचं, मूल होत नव्हतं. सासू दुसरी सून बघायला लागली होती. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. कमलम्मानं बजावलं, "सगळ्या तूच खा. नवऱ्यालाही घेऊन ये, त्याला वेगळ्या देऊ."

सिंधु पुन्हा आली ती एकटीच. त्रास तसाच.

"सगळ्या खाल्ल्यास?"

"निम्म्या. निम्म्या त्यांना दिल्या, भाकरीसंगं."

"आगं, का?"

"ते यायला लाजतेत. अन् त्यांना दिल्याबिगर मी कधी काही खाल्लंय का, आक्का?"

कमलम्माला हसू आलं. "भाकर वाट, बाई. गोळ्या वाटल्यास की दोघंबी आजारीच राहता."

सिंधुचा नवरा निवृत्ती गावाबाहेरच्या चारा छावणीत बैल घेऊन बसला होता. ड्यूटी संपल्यावर कमलम्मा सिंधुबरोबर तिथं गेली. शेजारी माणसं होती, म्हणून तिनं आजाराचं नावच काढलं नाही.

"निवृत्ती, एका बैलाला लाळ-खुरकत झाली तर तुम्ही त्या एकट्यालाच औषध देता?"

"न्हाई हो. सगळ्या दावणीचं बघावं लागतं. न्हाईतर फिरून येतं."

"मग उद्या दवाखान्यात या."

तो वैरण सारखी करत राहिला. कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र आला, टोपी डोळ्यांवर ओढून. या वेळी दोघांना वेगवेगळ्या पुड्या मिळाल्या. पुन्हा दाखवायचा दिवस आला तेव्हा कमलम्मा सकाळपासून दाराकडं बघत होती. उन्हं कलताना दोघं आली. तपासणीत दोघंही बरी झालेली निघाली.

"मूल होईल का, आक्का?"

"ते माझ्या हातात न्हाई. पण आता आडकाठी कमी झाली."

सिंधु पदराशी चाळा करत म्हणाली, "सासूला काय सांगू?"

"तू कशाला सांगतीस," निवृत्ती म्हणाला. "मलाबी होतं, हे मीच सांगतो आईला."