डोंगराच्या माथ्यावर कोण उभं आहे

कंपनीतून शिफ्ट संपवून आला की हा माणूस शिकारीला जातो, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे चपापतात. शिकार पुस्तकातली. जुन्या काळी माणसानं डोंगरातले रानबकरे कसे मारले, हे वाचत बसायचा मला नाद आहे, आणि निगडीच्या फ्लॅटमध्ये त्याचा कुणाला त्रास होत नाही.

इराण-अरबस्तानाकडच्या खडकांवर या शिकारी कोरलेल्या आहेत. खाली कुत्री, मध्ये पाठीपर्यंत वळलेल्या शिंगांचे बकरे, वर धनुष्यवाले. भ्यायलेला रानबकरा वर पळतो. धोका खालूनच येणार, अशी त्याची खात्री असते. म्हणून कुत्री खालून सोडायची आणि माणसानं आधीच वर जाऊन बसायचं. ज्या सवयीनं बकरा जगला, तिच्यावरच त्याला मारायचं. वाचताना मला त्या शिकाऱ्यांचं कौतुक वाटे, आणि जरा शिसारीही येई.

आपल्या दारातल्या शेळ्या त्याच रानबकऱ्यांच्या वंशातल्या. चाकणजवळ माझ्या मामांकडे त्यांचा कळप आहे. मामा-मामींना मूलबाळ नाही, पोट शेळ्यांवर आणि जीवही शेळ्यांवरच. मामा हातात काठी धरत नाहीत. सकाळी कळप डोंगराच्या पायथ्याला सोडायचा आणि संध्याकाळी अंगणातून हाक मारायची, एवढंच त्यांचं राखणं. शेळ्या धावत येऊन त्यांच्या हाताला नाक लावतात.

"आणि कुत्री आली तर?" मी विचारलं होतं.

"तर वर जात्यात. डोंगर हाय की. आमच्या बापानंबी असंच राखलं."

डोंगर होता, पण अर्धाच. कंपन्यांच्या प्लॉटमध्ये भराव घालायला मुरूम लागतो, आणि त्यासाठी खाणवाल्यांनी डोंगर पलीकडच्या बाजूनं पोखरला होता. मामांच्या अंगणातून पाहिलं तर हिरवागार, जसाच्या तसा. एकदा मी बाइक घेऊन डंपरच्या रस्त्यानं मागे गेलो आणि करकचून ब्रेक दाबला. माथ्यापासून सरळ तुटलेला कडा, खाली दगड आणि साचलेलं पाणी. मामांना नेऊन दाखवलं. त्यांनी कडा वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"शेळीला कळतंय," मग म्हणाले. "ती काय माणूस न्हाई, न बघता पाय टाकायला."

"चरणाऱ्या शेळीला कळतं, मामा. मागं कुत्री लागली की मागची पुढचीला ढकलते."

"भाचेबुवा, तुमी पुस्तकातल्या शेळ्या राखा," ते हसून म्हणाले. मला राग आला. त्या रागात मी महिनाभर तिकडे फिरकलो नाही.

पुन्हा गेलो तो रविवार होता. जेवताना कुत्र्यांचा गलका ऐकू आला. कंपन्यांच्या कॅन्टीनच्या उष्ट्यावर पोसलेली ही टोळी हल्ली माणसांनाही जुमानत नव्हती. आम्ही अंगणात आलो, तेव्हा कळप चढणीला लागला होता आणि कुत्री त्याच्या मागे पसरली होती.

"वर चालल्यात, सुटल्या," मामी म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी हाक मारली, पण शेळ्या वळल्या नाहीत. "गाडी काढ," ते मला म्हणाले.

डंपरच्या रस्त्यानं निम्म्यापर्यंत गेलो, पुढे कड्याच्या बाजूनं धापा टाकत चढलो. आम्ही माथ्यावर पोहोचलो तेव्हा शेळ्या समोरून वर येत होत्या. मामांनी सवयीनं हात पुढे केला आणि हाक दिली. शेळ्यांनी त्यांना ओळखलं आणि वेग वाढवला. आमच्या पाठीशी दोन हातांवर कडा होता.

"मामा, बोलावू नका. हाकला त्यांना."

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी दगड उचलला. पहिलाच दगड पुढच्या गाभण शेळीच्या कपाळावर बसला. ती थांबली आणि मामांकडे बघत राहिली. मामा ओरडत होते, रडत होते आणि दगड मारत होते. मीही मारले. खाली कुत्री, मध्ये कळप आणि वर आम्ही. मी जे वर्षानुवर्षं हौसेनं वाचत आलो होतो, त्यात स्वतः उभा होतो, आणि मला माझ्या त्या हौसेची किळस आली.

कळप वळला आणि कुत्र्यांच्या अंगावर गेला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, आम्ही त्यांच्यासाठी विहीर निवडली होती. दोन शेळ्या आणि एक करडू तिथेच गेलं. बाकीच्या एका कंपनीच्या भिंतीपाशी पळाल्या. तिथल्या वॉचमननं काठीनं कुत्री हुसकावली. गाभण शेळीही वाचली.

तिन्हीसांजेला उरलेला कळप आपणहून परत आला आणि बांधाशी थबकला. मामा अंगणात उभे होते. त्यांनी हाक मारली तशा शेळ्या चार पावलं मागे सरल्या. ते पुढे गेले, तर त्या डोंगराकडे वळल्या.

मामींनी त्यांच्या दंडाला धरलं. "तुमी आत जावा," त्या हलकेच म्हणाल्या. "तुमी हितं हाय तवर त्या यायच्या न्हाईत."

मामा वळले. घरात गेले आणि आतून दार लावून घेतलं. मग एकेक शेळी अंगणात आली.